‘आधीच माहीत होतं’ म्हणजे कोणाला, किती वाजता?

ऐरोलीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘माझे मामा म्हणतात, आपण युद्धात कसे उतरलो याची कुठल्याही सरकारने सांगितलेली हकिकत खोटीच असते. व्हिएतनामजवळच्या टॉंकिनच्या आखातातला हल्ला झालाच नव्हता हे आता सगळे मान्य करतात. मग १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या अमेरिकी नौदल तळावर जपानचा हल्ला होणार हे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आधीच माहीत होतं, हे का मानायचं नाही? मी मामांशी वाद घातला की ते मला पुस्तकी किडा म्हणतात. त्यांचं म्हणणं क्लासमध्ये मांडलं की सर म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातून आलास का? शंका घ्यायची तर नेमकी कशी घ्यायची?’

मी ठाण्यात एकतीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. दर शनिवारी नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दहाबारा जण जुने कागद वाचायला जमतो. तेवढ्या शिदोरीवर सांगते.

तुमचा खरा प्रश्न पर्ल हार्बरचा नाहीच. सरकार एकदा खोटं बोलताना सापडलं की बाकीच्या वेळीही ते खोटंच बोललं असं धरायचं का, हा आहे. मामा आणि सर दोघंही यात घाऊक व्यवहार करतायत. मामा सगळा माल खोटा म्हणतात, सर सगळा खरा. पण युद्धाची सरकारी हकिकत म्हणजे एक अखंड वस्तू नसते. ती दहापंधरा विधानांची बांधलेली मोट असते. त्यात काही खरी, काही चुकीची, काही खोटी असतात, आणि एखादं मुद्दाम बाहेर ठेवलेलं असतं. आधी ती मोट सोडायची आणि मग एकेक विधान हातात घ्यायचं.

टॉंकिनपासूनच सुरुवात करू, कारण मामांचा हुकमाचा पत्ता तोच आहे. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटींनी अमेरिकेच्या मॅडॉक्स या विनाशिकेवर हल्ला केला. हे खरं आहे. मॅडॉक्सला एक गोळीही लागली होती. ४ ऑगस्टच्या रात्री मॅडॉक्स आणि टर्नर जॉय या दोन जहाजांवर पुन्हा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. हे खोटं ठरलं. रात्र अंधारी, हवा खराब, रडारवर भलतेसलते ठिपके आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रावर बसलेले लोक आदल्या हल्ल्याने धास्तावलेले. तिसरं विधान सिनेटच्या समितीपुढे संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी केलं. दक्षिण व्हिएतनामच्या बोटी उत्तरेच्या किनाऱ्यावर जे छापे घालत होत्या, त्यांच्याशी आमच्या नौदलाचा संबंध नव्हता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात ते छापे अमेरिकेच्याच गुप्त योजनेचा भाग होते. म्हणजे एकाच हकिकतीत एक खरं, एक चुकीचं आणि एक दडवलेलं.

यातलं ‘चुकीचं’ कधी ‘खोटं’ झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते घड्याळावरून कळतं. त्या जहाजांवरचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनीच कळवलं होतं की, बरेचसे ठिपके आणि टॉर्पेडो संशयास्पद वाटतात, पुढचं काही करण्याआधी नीट तपासावं. हा संदेश वॉशिंग्टनला पोचला ४ तारखेच्या दुपारी दीडच्या सुमारास. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टीव्हीवर आले रात्री साडेअकरानंतर. मधल्या दहा तासांत शंका पोचलेली होती. नंतर खुलासे आले, उलटसुलट संदेश आले, हल्ला झाला असं म्हणणारेही प्रामाणिकपणे म्हणत होते. पण भाषणात मात्र ‘कदाचित’ नव्हतं. ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव आला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात मत देणारे दोघेच, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. पुढे गुप्त संदेश ऐकणाऱ्या अमेरिकी संस्थेच्याच इतिहासकाराने जुने कागद तपासले आणि लिहिलं की ४ तारखेला हल्ला झाला नव्हता आणि ऐकलेले संदेश निष्कर्षाला जुळतील असे मांडले गेले होते. तो लेख २००५ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

म्हणून ‘टॉंकिन खोटं होतं’ हे मामांचं वाक्य मी असं लिहीन: २ तारीख खरी, ४ तारखेची सुरुवात घोटाळ्याची, आणि दुपारी दीडनंतर त्या घोटाळ्यावर शिक्का मारून तो विकला गेला. वाक्य लांबतं, त्याला इलाज नाही.

आता थोडं घरचं सांगते. शंका घेताना घड्याळ बघायला मी विद्यापीठात शिकले नाही, एका तारेमुळे शिकले.

१९७३ च्या पावसाळ्यात चिपळूणला माझी आजी गेली. ठाण्यातले काका अंत्यविधीला पोचले नाहीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांना तार केली होती. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.’ त्यावरून पुढची बारा वर्षं माझ्या आत्याने त्यांच्याशी अबोला धरला. ‘त्याला कळलं होतं, तरी आला नाही,’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की मलाही तो घटनेचाच भाग वाटायचा. काका वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ती तार सापडली. तारीख आणि वेळ टाकलेला तो बदामी कागद. चिपळूणला तार दिली १४ जुलैच्या सकाळी. ठाण्याच्या शिक्क्यावर १६ तारीख. पावसात तारा तुटल्या होत्या. आजीला अग्नी दिला होता १५ ला दुपारी. आत्याने तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि आत निघून गेली.

‘तार केली’ आणि ‘तार मिळाली’ या दोन वाक्यांमध्ये आमच्या घराची बारा वर्षं गेली.

आमच्या शनिवारच्या मंडळींत फाउंटनच्या तार ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ही गोष्ट त्यांना सांगितली तर ते हसले. म्हणाले, ‘बाई, आमच्याकडे कळलं असा शब्दच नव्हता. दिली, निघाली, आली, उतरवली, पोचवली. पाच वेळा.’ मी हे वहीत लिहून ठेवलं. त्यानंतर मी कुठलाही गुप्त संदेश त्या पाच रकान्यांत घातल्याशिवाय वर्गात शिकवला नाही. अहो, त्याआधी मीसुद्धा मुलांना सांगत होते की ‘अमेरिकेला जपानचे संदेश वाचता येत होते, तरी त्यांनी पर्ल हार्बर होऊ दिलं असं काही जण म्हणतात’, आणि वर सूचक हसत होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तर पर्ल हार्बर. मामांच्या बाजूने जेवढं आहे तेवढं आधी प्रामाणिकपणे टेबलावर ठेवू.

अमेरिकेला जपानचं परराष्ट्र खात्याचं सांकेतिक यंत्र फोडता आलं होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये टोकियोने होनोलुलूच्या आपल्या वकिलातीला सांगितलं होतं की पर्ल हार्बरच्या बंदराचे भाग पाडा आणि कुठल्या भागात कुठलं जहाज आहे ते कळवा. हा संदेश अमेरिकेने पकडला, ऑक्टोबरमध्ये वाचला आणि हवाईच्या सेनापतींना दिला नाही. युद्धमंत्री स्टिमसन यांच्या २५ नोव्हेंबरच्या रोजनिशीत लिहिलंय की, आपल्याला फार धोका न होता पहिली गोळी जपानने झाडावी अशा जागी त्यांना कसं आणायचं, हा प्रश्न आहे. ६ डिसेंबरच्या रात्री वाटाघाटींतल्या जपानच्या लांबलचक उत्तराचे तेरा भाग वाचून रूझवेल्ट म्हणाले की याचा अर्थ युद्ध. आणि जानेवारी १९४२ मध्ये पहिल्या चौकशीने ठपका ठेवला तो हवाईतल्या दोन सेनानींवर, किमेल आणि शॉर्ट यांच्यावर. वॉशिंग्टनला संदेश वाचता येत होते हे तेव्हा लोकांपासून लपवलेलं होतं. १९४५ च्या संसदीय चौकशीत ते उघड झालं.

यावर कोणाला संशय आला तर त्याला मी वेडा म्हणणार नाही. मलाही आला होता.

आता रकाने भरू. बंदराचे भाग पाडण्याचा संदेश पकडला २४ सप्टेंबरला, वाचून झाला ९ ऑक्टोबरला. ६ डिसेंबरला होनोलुलूच्या वकिलातीने कळवलं की अचानक हल्ल्याला अजून बरीच संधी आहे. हा संदेश पकडला हल्ल्याच्या आधी, पण त्याचा अनुवाद झाला ८ डिसेंबरला. हल्ला ७ ला! हे दोन्ही वकिलातीचे, म्हणजे परराष्ट्र खात्याचे संदेश. हल्ला करणारं आरमार जपानी नौदलाच्या वेगळ्या संकेतावर चालायचं. त्या वेळी तो फारच थोडा वाचता येत होता. शिवाय समुद्रात ते आरमार मुकाट होतं. ‘जपानचे संदेश वाचत होते’ या चार शब्दांत कुठलं खातं, कुठला संकेत आणि कुठला दिवस हे सगळं बुडून जातं.

७ तारखेच्या सकाळचा तर अगदी आमच्या चिपळूणच्या तारेसारखाच प्रकार. जपानी राजदूतांनी ते उत्तर वॉशिंग्टनच्या वेळेनुसार बरोबर दुपारी एकला द्यायचं आहे, हे वाचल्यावर सेनाप्रमुख मार्शल यांनी इशारा लिहिला. लष्कराची होनोलुलूची बिनतारी लाइन हवामानामुळे लागत नव्हती. फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. मग इशारा खासगी कंपनीच्या साध्या तारेने गेला, ‘तातडीची’ असा शेरा न मारता. होनोलुलूच्या तार कचेरीत पोचला सकाळी ७:३३ ला. ७:५५ ला बॉम्ब पडायला लागले. तार घेऊन मोटरसायकलवर निघालेला पोऱ्या सैन्याच्या कचेरीत पोचला पावणेबाराला. सांकेतिक लिपी उलगडून ती सेनापती शॉर्ट यांच्या हातात पडली दुपारी तीनच्या सुमारास. तोवर हल्ला केव्हाच संपला होता.

मला या तारेने जेवढं पटवलं तेवढं कुठल्याही ग्रंथाने नाही. कटात सामील माणूस इशारा पाठवतच नाही, किंवा पाठवलाच तर त्याची व्यवस्थित नोंद राहील असा पाठवतो. हा ढिसाळपणा मला ओळखीचा वाटतो. आपल्या कचेऱ्यांत रोज दिसतो तसाच.

स्टिमसनच्या रोजनिशीचं काय? ते वाक्य पूर्ण वाचा. ‘आपल्याला फार धोका न होता’ हे त्यातच आहे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर थायलंड, मलाया, डच इंडीज आणि फिलिपाइन्स होते. आणि मामांना एक साधा प्रश्न विचारा. युद्धात उतरायला हल्ला होणं पुरेसं होतं ना? मग आठही युद्धनौका बंदरात उभ्या ठेवून त्यातल्या चार बुडवून घ्यायची आणि २,४०३ माणसं मारून घ्यायची गरज काय? सावध आरमाराने जपानी विमानं पाडली असती तरी तो हल्लाच ठरला असता. त्यातही रूझवेल्टना लढायचं होतं ते हिटलरशी. जपानशी युद्ध झालं म्हणून जर्मनीशी आपोआप झालं नाही. ११ डिसेंबरला हिटलरनेच युद्ध पुकारलं. ते न पुकारण्याची मोकळीक त्याला होती.

मामा पुढे विमानवाहू जहाजांवर येतील. सगळे येतात. ‘बरोबर त्याच दिवशी तिन्ही विमानवाहू जहाजं बाहेर कशी?’ एंटरप्राइझ वेक बेटावर विमानं पोचवून परतत होतं. ते ६ ला पोचायचं होतं, वादळी हवेमुळे उशीर झाला. म्हणजे कट असेल तर हवामानही त्यात सामील होतं. लेक्सिंग्टन मिडवेला विमानं न्यायला गेलं होतं. साराटोगा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होतं. याला आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात. शिवाय १९४१ साली आरमाराचा जीव युद्धनौकांत असतो असं बहुतेक नौदल अधिकारी मानत होते. विमानवाहू जहाजं हीच खरी दौलत, हे पर्ल हार्बरनंतर कळलं. नंतरचं शहाणपण आधीच्या माणसांच्या डोक्यात घालायचं नाही. माझे विद्यार्थी सगळ्यात जास्त चुका इथेच करायचे.

म्हणून माझं मत असं: हल्ला होणार हे वॉशिंग्टनला माहीत होतं, तो पर्ल हार्बरवर होणार हे नव्हतं. सरकारी हकिकतीतला खोटेपणा आहे तो दोष वाटण्यात. किमेल आणि शॉर्ट यांना एकट्याने खापर उचलायला लावलं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी त्यांच्या बाजूने ठराव केला, तो याच सलातून. आणि संदेश वाचता येतात हे लपवण्यामागेही नुसता चोरटेपणा नव्हता. तोच संकेत युद्धभर चालू होता. १९४४ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार ड्यूई यांना हे कळलं, तेव्हा मार्शलनी त्यांना पत्र लिहून गप्प राहायची विनंती केली आणि ते गप्प राहिले. पण झाकलेल्या भांड्यात काय शिजतंय याच्या कथा लोक रचणारच. त्याबद्दल लोकांनाच दोष देऊन कसं चालेल?

इथपर्यंतचं एका ओळीत: विधानं वेगळी करा, प्रत्येकाला तारीख-वेळ लावा, ‘कळलं’ म्हणजे कोणाला ते विचारा.

आता जरा ठाण्यात या. आपल्याकडे याचं एक झकास उदाहरण स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं आहे, आणि रोज हजारो लोक ते न बघता पुढे जातात. मी मध्यवर्ती कारागृहाबद्दल बोलतेय. तो मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधला, ठाणं ज्या बेटावर आहे त्या साष्टीवरच्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज कसे उतरले, याची शाळेतली हकिकत तुम्हाला पाठ असेल. नारायणरावाचा खून झाला, राघोबादादा पदच्युत झाले, ते मुंबईकर इंग्रजांकडे गेले, सुरतेचा तह झाला, त्यांना गादीवर बसवायला इंग्रज लढाईत उतरले, बदल्यात साष्टी आणि वसई मिळायची होती. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. फक्त तारखा लावा. सुरतेचा तह ६ मार्च १७७५ चा. आणि ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला २८ डिसेंबर १७७४ ला. तहाच्या सव्वादोन महिने आधी! ज्या मदतीची किंमत म्हणून साष्टी मिळणार होती, ती मदत ठरण्याआधीच किंमत वसूल झालेली.

मुंबईच्या कौन्सिलने याचंही कारण दिलं होतं. पोर्तुगीज साष्टी परत घेणार आहेत, गोव्याकडे आरमार आलंय, ते पोचायच्या आत आपण घेतली पाहिजे. ही बातमी त्यांनी हवेतून काढलेली नव्हती. पण साष्टी आणि वसई हवी हा कंपनीचा जुना ध्यास होता. १७७२ मध्ये आपला प्रतिनिधी म्हणून मॉस्टिनला पुण्यात बसवलं ते याच कामासाठी. राघोबांशी बोलणी चालू होती आणि ते साष्टी द्यायला तयार होत नव्हते. म्हणजे पोर्तुगीज हे निमित्त, राघोबा हे दुसरं निमित्त, आणि कारण या दोघांच्या आधीपासून बसलेलं. निमित्त आणि कारण हे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आयते आहेत. युद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला याहून चांगलं हत्यार नाही. निमित्त खरं असूनही ते कारण नसू शकतं. मामांचा सारा राग निमित्तावर असतो आणि कारण तसंच सुटून जातं.

याच प्रकरणात सरकारी हकिकतीवर पहिला संशय घेतला तो कोणी? इंग्रजांनीच. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने मुंबईकरांच्या या युद्धाला अविचारी, धोकादायक, अनधिकृत आणि अन्याय्य म्हटलं आणि कर्नल अप्टनला पुण्याला पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तरीही साष्टी काही त्यांनी परत दिली नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही ती त्यांच्याकडेच राहिली. निषेध खरा आणि मिळकत त्याहून खरी.

मला इथे एक सवय सांगावीशी वाटते. हकिकत तपासायची तर शत्रूचा कागद शोधण्याआधी त्याच बाजूच्या दुसऱ्या कचेरीचा कागद शोधा. मुंबईविरुद्ध कलकत्ता, नौदलाविरुद्ध सेनादल, मंत्र्याविरुद्ध कारकून. घरातली भांडणं कागदावर फार प्रामाणिकपणे उतरतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी बखरींवर टीका करून मूळ पत्रांचा आग्रह धरला तो याचसाठी. बखर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला नसतो.

‘एवढी मोठी गोष्ट इतके लोक लपवूच शकत नाहीत’ असं सर म्हणत असतील तर तेही तसं नाही. १९५६ च्या सुएझ प्रकरणात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी पॅरिसजवळ सेव्हरला बसून ठरवलं की इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा आणि मग बाकीच्या दोघांनी ‘लढाई थांबवायला’ उतरायचं. २४ ऑक्टोबरला त्यावर सह्या झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी आपली प्रत नष्ट करवली, उरलेल्या प्रतीही मागवून जाळायचा प्रयत्न केला. २० डिसेंबरला पार्लमेंटमध्ये त्यांनी सांगितलं की इस्रायल हल्ला करणार हे आधी माहीत नव्हतं. हे निखालस खोटं होतं. इस्रायलची प्रत मात्र उरली. म्हणजे कट होतात. आणि जेव्हा होतात तेव्हा त्यांचा कागदही बहुधा असाच कुठल्या तरी तिसऱ्याच्या पेटीत राहतो. माझा मामांना विरोध कटाला नाही, कागदाशिवायच्या कटाला आहे.

याची उलट बाजूही आहे. १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार छापून आली. मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध जर्मनीला साथ द्यावी असा प्रस्ताव त्यात होता. अमेरिकेत कितीतरी लोक म्हणाले, ही इंग्रजांनी बनवलेली बनावट तार आहे, आम्हाला युद्धात ओढायला. शंका रास्त होती, कारण इंग्रजांना ते हवंच होतं. दोनतीन दिवसांत झिमरमान यांनीच मान्य केलं की तार माझीच. ती हाती कशी लागली याबद्दल इंग्रज मात्र धडधडीत थापा मारत होते, कारण ते अमेरिकेचीही तारवाहिनी चोरून ऐकत होते. मजकूर खरा, मिळवण्याची गोष्ट खोटी. ज्याला फायदा झाला त्यानेच केलं, हे अनुमान पहिल्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी ते सोडता आलं पाहिजे.

आपल्या देशाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मामा आज ना उद्या काढतीलच. १९३९ मध्ये भारत युद्धात ‘सामील झाला’ असं इंग्रजांच्या कागदांत असतं. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात आहे असं जाहीर केलं. निवडून आलेल्या एकाही मंत्रिमंडळाला विचारलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेरांचंही होतं. इथे घटना खोटी नाही, क्रियापद खोटं आहे.

१९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण शिकतो. त्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, हे खरंच. पण पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरची रणगाड्यांची लढाई २०-२१ नोव्हेंबरची आहे, बोयऱ्यावरची हवाई चकमक २२ नोव्हेंबरची. बांगलादेशात सेनादल दिन पाळतात तो २१ नोव्हेंबरला. यामुळे ३ डिसेंबर खोटं ठरत नाही, की एक कोटीच्या आसपास निर्वासितांचा लोंढा नाहीसा होत नाही. एवढंच की ‘सुरू झालं’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. पूर्वेकडे लढलेल्या जवानाचं उत्तर वेगळं असेल, अमृतसरच्या माणसाचं वेगळं.

१९६२ बद्दल मी जपून बोलते. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा पराभवावरचा अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तेवढाच लोकांना वाचता आला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण अभिमानाने म्हणतो. पण यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून १९६३ मध्ये संसदेत त्या चौकशीबद्दल निवेदनच केलं, अहवाल ठेवला नाही, हेही त्यासोबत सांगायला हवं. जिथे मूळ कागद बंद आहे तिथे मी वर्गात दोन्ही बाजूंचं बोलणं सांगायचे आणि फळ्यावर निकाल लिहायचे नाही. मुलांना ते आवडायचं नाही. परीक्षेत काय लिहायचं, असं विचारायची.

तर खरं काय ते कधी कळेल, हे कशावर अवलंबून आहे? पहिलं, हरलं कोण. हरलेल्या देशाची दप्तरं जिंकणारा उघडतो. ३१ ऑगस्ट १९३९ ला ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर पोलंडने हल्ला केल्याचं नाटक जर्मनांनीच केलं, हे आपल्याला ते घडवणाऱ्या नाउयोक्सच्या न्यूरेंबर्गमधल्या जबानीमुळे इतकं स्वच्छ माहीत आहे. जर्मनी जिंकली असती तर त्या केंद्राबाहेर आज स्मारक असतं. दुसरं, किती वर्षं झाली. टॉंकिनला एक्केचाळीस लागली. हव्हाना बंदरात १८९८ मध्ये उडालेल्या मेन जहाजाला त्याहून जास्त. बाहेरून सुरुंग फुटला असं तेव्हाच्या चौकशीने सांगितलं, तो कोणी लावला ते सांगितलं नाही, पण वर्तमानपत्रांनी स्पेनकडे बोट दाखवलं आणि त्यावर युद्ध पेटलं. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांनी पुन्हा अभ्यास करून म्हटलं की आतल्या कोळशाच्या कोठारातली आग दारूगोळ्यापर्यंत गेली असावी. यात ‘असावी’ आहे, हे लक्षात ठेवा. १८९८ च्या वर्तमानपत्रांत ते नव्हतं. इराकबद्दल २०१६ मध्ये आलेल्या ब्रिटिश चौकशीचीही मुख्य तक्रार हीच आहे की गुप्त माहिती जेवढी पक्की नव्हती तेवढ्या खात्रीने ती लोकांपुढे ठेवली गेली. खालच्या कागदावर ‘बहुधा’ असतं, मधल्यावर ‘दिसतं’ होतं, वरच्यावर ‘आहे’. हे तीन कागद शेजारी ठेवायला मिळाले की काम अर्धं झालं.

तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून कागद कुठे मिळतील तेही सांगते. पर्ल हार्बरच्या संसदीय चौकशीचे एकोणचाळीस खंड इंटरनेटवर फुकट आहेत. सगळे वाचू नका, तारखेने शोधा. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या बघता येतं. मुंबई सरकारची जुनी दप्तरं काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात आहेत. ऐरोलीहून आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे, साष्टीच्या मोहिमेवर छापलेली मराठी पत्रं तिथे बसून वाचता येतील.

आणि मामांशी वाद घालू नका. एक वही घ्या, पाच रकाने पाडा: दिली, निघाली, आली, उतरवली, पोचवली. त्यांनाच म्हणा, ‘मामा, तुमचा पुरावा तुम्ही सांगा, मी भरतो.’ माणूस मनाने सरळ असेल तर दुसऱ्या रकान्यापाशी थांबतो आणि चहा मागवतो. एखादा रकाना खरोखरच तुमच्या विरुद्ध भरला गेला, तर तो मला कळवा. शनिवारी वाचू.